एका वेळी एकच भ्रूण

अपत्यहीनतेचे दुःख बहुधा मुक्यानेच सोसले जाते. लग्नाला चार-पाच वर्षे उलटली आणि घरात पाळणा हलला नाही, की प्रथम कुजबुज सुरू होते. मग उपासतापास, नवससायास होतात आणि सरतेशेवटी पती-पत्नी दवाखान्याची पायरी चढतात. तोपर्यंत पुष्कळदा मोलाची वर्षे निघून गेलेली असतात. अपत्य न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. तथापि दोष मात्र एकट्या स्त्रीच्या माथी मारला जातो. अशा जोडप्यांसाठी आधुनिक वैद्यकशास्त्राने एक वाट खुली करून दिली आहे. स्त्रीबीज व पुरुषबीज यांचे फलन शरीराबाहेर घडवून आणावयाचे आणि तयार झालेला भ्रूण स्त्रीच्या गर्भाशयात सोडावयाचा, ही ती वाट होय. ‘टेस्ट ट्यूब बेबी’ या नावाने ती सर्वतोमुखी झाली आणि आता ‘आयव्हीएफ’ ही अक्षरे लहान शहरांतील फलकांवरही दिसू लागली आहेत.

या उपचारात एक प्रश्न असा येतो, की त्याचे उत्तर देण्यास जोडप्याला कित्येकदा काही मिनिटेच मिळतात. त्याचे परिणाम मात्र जन्मभर टिकतात. प्रयोगशाळेत समजा चार-पाच चांगले भ्रूण तयार झाले आहेत. त्यांपैकी किती गर्भाशयात सोडावयाचे? एक, दोन की तीन? दागिने मोडून किंवा कर्ज काढून आलेले जोडपे साहजिकच म्हणते, “इतका खर्च केलाच आहे, तर दोन सोडा. एक नाही तर दुसरा तरी टिकेल. दोन्ही टिकले तर सोन्याहून पिवळे.” हा विचार माणुसकीला धरून आहे, पण शास्त्राला धरून नाही. तो का नाही, हे समजावून सांगणे हाच या व्याख्यानाचा हेतू आहे. येथे जमलेल्या परिचारिका, आरोग्य सेविका व आशा कार्यकर्त्या यांच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व विशेष आहे. कारण डॉक्टरांना विचारण्याचे धाडस न होणारी गावातील स्त्री हा प्रश्न प्रथम त्यांच्याच कानावर घालते.

आरंभ एका भ्रूणानेच

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे शरीराबाहेर फलन झालेल्या बीजापासून जगातील पहिले बालक जन्मास आले. शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्‌स, शल्यविशारद पॅट्रिक स्टेप्टो आणि प्रयोगशाळेची धुरा वाहणाऱ्या जीन पर्डी या तिघांच्या दीर्घ परिश्रमांचे ते फळ होते. त्या वेळी मातेला बीजांची संख्या वाढविणारी औषधे देण्यात आली नव्हती. नैसर्गिक पाळीत परिपक्व झालेले एकच स्त्रीबीज काढून घेण्यात आले, त्यापासून एकच भ्रूण तयार झाला आणि तोच गर्भाशयात सोडण्यात आला. म्हणजे या उपचाराचा आरंभच मुळी एका भ्रूणाने झाला. एडवर्ड्‌स यांना या कार्याबद्दल २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले. दुर्दैवाने तो गौरव पाहण्यास स्टेप्टो व पर्डी हयात नव्हते.

ओल्डहॅमच्या घटनेनंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्ता येथे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने भारतातील असे पहिले बालक जन्मले. मुखोपाध्याय यांनी भ्रूण काही आठवडे गोठवून ठेवला आणि नंतरच्या पाळीत तो गर्भाशयात सोडला. ही कल्पना काळाच्या पुढची होती. त्यांच्या कार्यावर मात्र कोणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१ साली, उपेक्षेच्या ओझ्याखाली, त्यांनी आपली जीवनयात्रा संपविली. पुढे मुंबईत परळ येथील के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रजननविषयक संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या संयुक्त प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी एक बालिका जन्मास आली. शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेले भारतातील पहिले यश म्हणून ती घटना गाजली. याच आनंद कुमार यांनी १९९७ साली मुखोपाध्याय यांच्या नोंदी अभ्यासून पहिलेपणाचा मान कलकत्त्याच्या त्या संशोधकाचा आहे, असे जाहीरपणे सांगितले. स्वतःकडे आलेले श्रेय दुसऱ्याच्या हवाली करणारी ही वृत्ती विज्ञानाच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल.

या दोन घटनांचा उल्लेख केवळ इतिहास म्हणून केलेला नाही. ओल्डहॅमचा एकच भ्रूण आणि कलकत्त्याचा गोठवून राखलेला भ्रूण, या दोन कल्पना जेथे एकत्र येतात तेथेच आजच्या सुरक्षित उपचाराचा पाया आहे.

अनेक भ्रूणांची प्रथा कशी पडली?

स्त्रीच्या शरीरात साधारणतः दरमहा एकच बीज परिपक्व होते. निरोगी व तरुण जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याचा संभव शंभरात वीस-पंचवीसच असतो. प्रयोगशाळेत तर यश याहूनही दुर्मिळ होते. म्हणून इंजेक्शने देऊन एकाच पाळीत अनेक बीजे वाढविण्याची पद्धत रूढ झाली. बीजे अनेक, तेव्हा भ्रूणही अनेक झाले.

त्या काळी भ्रूण फलनानंतर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, म्हणजे चार ते आठ पेशींच्या अवस्थेत, गर्भाशयात सोडावा लागे. इतक्या कोवळ्या अवस्थेत त्यांपैकी सशक्त कोणता आणि अशक्त कोणता हे ओळखणे कठीण असे. भ्रूण गोठविण्याचे तंत्रही कच्चे होते. मंद गतीने गोठविताना पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक तयार होत आणि कित्येक भ्रूण वितळविताना नष्ट होत. जे आज सोडले नाहीत ते उद्या हाती लागतीलच याची शाश्वती नव्हती. अशा स्थितीत तीन-चार भ्रूण एकदम सोडून त्यांतील एखादा रुजण्याची वाट पाहणे, हा त्या वेळच्या डॉक्टरांपुढील समजण्याजोगा मार्ग होता.

पण शास्त्र पुढे गेले. भ्रूणाचे पोषण करणारी द्रव्ये सुधारली आणि तो पाचव्या दिवसापर्यंत प्रयोगशाळेत वाढविता येऊ लागला. या अवस्थेतील भ्रूणास ‘ब्लास्टोसिस्ट’ म्हणतात. त्यात शंभराच्या आसपास पेशी असतात. आतल्या पुंजक्यातून पुढे बालक घडते आणि बाहेरच्या आवरणातून वार तयार होते. जे भ्रूण मुळात अशक्त असतात, त्यांपैकी बरेचसे या पाच दिवसांतच खुंटतात. म्हणजे निवड करण्याचे काम काही अंशी निसर्गच करून देतो. कारण नाहीसे झाले, तरी प्रथा मात्र रेंगाळत राहिली. जुनी सवय, अपयशाची भीती आणि केंद्राकेंद्रांतील यशाच्या टक्केवारीची स्पर्धा या तिन्ही गोष्टी तिला पोसत राहिल्या.

जुळे : दुप्पट आनंद की दुप्पट धोका?

आपल्याकडे जुळ्यांचे कौतुक फार. लव-कुशांची जोडी घरात आली, असे लोक म्हणतात. ज्या घरी दहा वर्षे मूल नव्हते, तेथे एकदम दोन पाळणे हलले तर तो आनंद कोणास नको? परंतु गर्भाशयाची रचना मुळात एका वेळी एक मूल वाढविण्यासाठी झालेली आहे, हे विसरून चालणार नाही. निसर्गतः साधारणपणे ऐंशी-नव्वद बाळंतपणांत एकदा जुळे होते. दोन भ्रूण सोडलेल्या स्त्रियांच्या बाळंतपणांत मात्र हेच प्रमाण चारांत एक, कधी तिनांत एकपर्यंत जाते.

एकट्या बालकास गर्भाशयात वाढण्यास सुमारे चाळीस आठवडे मिळतात. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बालके सदतीस आठवडे पुरे होण्याआधीच जन्मतात. तिळ्यांचा जन्म तर सरासरी बत्तीस-तेहतीस आठवड्यांतच होतो. दिवस पुरे न भरलेल्या बालकाची फुप्फुसे कच्ची असतात, त्याला अंगची ऊब राखता येत नाही, स्तनपानाची शक्ती नसते. त्याला काचेच्या पेटीत, अतिदक्षता कक्षात ठेवावे लागते. काही बालके वाचत नाहीत. वाचलेल्यांपैकी काहींना दृष्टिदोष जडतो, तर काहींना मेंदूच्या इजेमुळे हातापायांवर ताबा राहत नाही. एकेरी बालकाच्या तुलनेत जुळ्यांमध्ये हा मेंदूचा पक्षाघात कितीतरी पटींनी अधिक आणि तिळ्यांमध्ये त्याहूनही अधिक आढळतो.

मातेचा धोकाही कमी नसतो. जुळ्यांच्या गरोदरपणात रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब व त्यातून येणारी आकडी, मधुमेह, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आणि शस्त्रक्रियेने करावे लागणारे बाळंतपण या सर्वांचे प्रमाण वाढते. मुळातच रक्त कमी असलेल्या आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर राहणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हा प्रश्न जीवन-मरणाचा होतो. तीन किंवा चार गर्भ रुजले, तर त्यांपैकी एक-दोन गर्भ सुरुवातीसच थांबविण्याचा सल्ला डॉक्टरांना द्यावा लागतो. वर्षानुवर्षे मुलासाठी झुरलेल्या मातेने त्याच मुलांपैकी एकाचा निरोप घेण्यास संमती द्यावी, यापरते दारुण काय असणार? शिवाय त्या प्रक्रियेत उरलेले गर्भही गमावण्याची भीती असतेच.

अतिरेक कोणत्या थरास जाऊ शकतो, याचे उदाहरण २००९ सालच्या जानेवारीत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात जगाने पाहिले. एका स्त्रीच्या गर्भाशयात तब्बल बारा भ्रूण सोडण्यात आले होते आणि तिला एका वेळी आठ बालके झाली. आठही वाचली, म्हणून वृत्तपत्रांनी सुरुवातीस त्याला चमत्कार म्हटले. वैद्यकीय मंडळाने मात्र तो गंभीर निष्काळजीपणा मानला आणि संबंधित डॉक्टरचा परवाना २०११ साली रद्द झाला.

एक आणि एक दोन होत नाहीत

यावर कोणी म्हणेल, धोका खरा. पण एकच भ्रूण सोडला तर मूल होण्याची आशाच निम्मी होणार नाही काय? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर तर्काने नव्हे, तर प्रत्यक्ष पाहणीनेच द्यावयास हवे. स्वीडन, नॉर्वे व डेन्मार्क या देशांतील केंद्रांनी मिळून तशी पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले.

या पाहणीत ३६ वर्षांखालील ६६१ स्त्रियांचा समावेश होता. प्रत्येकीजवळ किमान दोन चांगल्या प्रतीचे भ्रूण होते. चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे, कोणाचीही निवड न करता, त्यांचे दोन गट करण्यात आले. पहिल्या गटातील ३३१ स्त्रियांच्या गर्भाशयात एका वेळी दोन भ्रूण सोडले. दुसऱ्या गटातील ३३० स्त्रियांच्या गर्भाशयात एकच भ्रूण सोडला आणि तो न टिकल्यास गोठवून ठेवलेला दुसरा भ्रूण नंतरच्या पाळीत सोडला. म्हणजे भ्रूण दोन्हीकडे दोनच. फरक इतकाच, की एका गटात ते एकदम दिले आणि दुसऱ्या गटात एकामागून एक.

परिणाम काय झाला? पहिल्या गटात १४२ स्त्रियांना, म्हणजे शंभरात सुमारे ४३ जणींना, जिवंत मूल झाले. दुसऱ्या गटात १२८ स्त्रियांना, म्हणजे शंभरात सुमारे ३९ जणींना झाले. फरक शंभरात चारांचा. आता जुळ्यांचा हिशेब पाहावा. पहिल्या गटातील बाळंतपणांपैकी ३३ टक्के बाळंतपणे एकाहून अधिक बालकांची होती. दुसऱ्या गटात हे प्रमाण एक टक्काही नव्हते. शंभर स्त्रियांमागे चार जादा यशांसाठी चौदा-पंधरा स्त्रियांना जुळ्यांचा धोका पत्करावा लागला, असा या आकड्यांचा सरळ अर्थ आहे. शिवाय ज्या स्त्रीजवळ तिसरा-चौथा भ्रूण शिल्लक आहे, तिला एकेकाने पुढे जाऊन हा चारांचा फरकही भरून काढण्याची संधी असते.

या पाहणीतील आणखी एक आकडा नजरेआड करता येणार नाही. दुसऱ्या गटात केवळ पहिल्या ताज्या भ्रूणानंतर मूल झालेल्या स्त्रिया शंभरात सुमारे २८ होत्या. तेवढ्यावरच थांबून कोणी ४३ विरुद्ध २८ असा हिशेब मांडला, तर दोन भ्रूणांचा पक्ष बळकट दिसतो. एका भ्रूणाचे धोरण म्हणजे एकच प्रयत्न नव्हे. एका वेळी एक प्रयत्न. यशाचे मोजमाप एका खेपेवर करावयाचे, की एकदा काढलेल्या बीजांपासून झालेल्या सर्व भ्रूणांवर करावयाचे, यावर सारे अवलंबून आहे. जाहिरातींतील टक्केवारी वाचताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

राखून ठेवलेले बियाणे

जाणता शेतकरी पहिल्या पावसाच्या भरवशावर घरातले सारे बियाणे एकदम रानात टाकीत नाही. पाऊस दडी मारील, दुबार पेरणीची वेळ येईल, हे जाणून तो काही बियाणे राखून ठेवतो. भ्रूण गोठविण्याच्या तंत्राने हेच शहाणपण या उपचारात आणले.

जुन्या मंद पद्धतीच्या जागी आता अतिजलद गोठविण्याची पद्धत आली आहे. तीत भ्रूण इतक्या वेगाने थंड केला जातो, की बर्फाचे स्फटिक तयार होण्यास अवकाशच मिळत नाही. आतील द्रव काचेसारखा घट्ट होतो. मग तो द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. चांगल्या प्रयोगशाळेत अशा शंभर भ्रूणांपैकी नव्वदांहून अधिक भ्रूण वितळविल्यावर सुस्थितीत राहतात. भारतीय कायद्यानुसार असे भ्रूण दहा वर्षांपर्यंत जतन करता येतात. त्यामुळे पहिल्या अपत्यानंतर दोन-तीन वर्षांनी त्याच भ्रूणांतून दुसरे अपत्य होऊ शकते. ज्यांना दोन मुले हवी आहेत, त्यांनाही ती एकाच वेळी पोटात वाढविण्याची गरज उरलेली नाही.

अर्थात या तंत्रालाही स्वतःच्या मर्यादा आहेत. गोठविलेल्या भ्रूणापासून राहिलेल्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचे प्रमाण काहीसे अधिक आढळते. म्हणून तेथेही मातेची नियमित तपासणी आवश्यक असते. तसेच एक भ्रूण सोडला म्हणजे जुळे कधीच होणार नाही, असेही नव्हे. तो एकच भ्रूण रुजल्यावर दुभंगून एकसारखे जुळे होऊ शकते. शंभरात एखाद-दुसऱ्या वेळी तसे घडते.

इतर देशांचा अनुभव

स्वीडनने २००३ सालापासून एक भ्रूण हाच नियम आणि दोन हा अपवाद, असे धोरण स्वीकारले. तेथे या उपचारातील जुळ्यांचे प्रमाण सुमारे पंचवीस टक्क्यांवरून पाच टक्क्यांच्या आसपास उतरले. जपानच्या प्रसूती व स्त्रीरोगशास्त्र संघटनेने २००८ साली तत्त्वतः एकच भ्रूण सोडावा, असे आपल्या सदस्यांना सांगितले. ब्रिटनमध्ये १९९० नंतरच्या दशकात या उपचारातून होणाऱ्या बाळंतपणांपैकी २८ टक्क्यांपर्यंत बाळंतपणे जुळ्या-तिळ्यांची होत. तेथील नियामक प्राधिकरणाने हे प्रमाण दहा टक्क्यांवर आणण्याचे उद्दिष्ट केंद्रांपुढे ठेवले आणि २०१९ साली ते सहा टक्क्यांवर आले. या काळात यशाचे प्रमाण घटले नाही, हे विशेष.

बेल्जियमचा अनुभव शासनकर्त्यांनी अभ्यासावा असा आहे. १ जुलै २००३ पासून त्या देशाने ४२ वर्षांपर्यंतच्या स्त्रियांना सहा खेपांपर्यंत प्रयोगशाळेचा खर्च सार्वजनिक निधीतून देण्यास सुरुवात केली; परंतु त्याबरोबर अट घातली, की ३६ वर्षांखालील स्त्रीच्या पहिल्या खेपेस एकच भ्रूण सोडावा. हिशेब साधा होता. अपुऱ्या दिवसांच्या जुळ्या-तिळ्यांवर अतिदक्षता कक्षात जो खर्च होत असे, तो वाचला तर त्यातूनच जोडप्यांच्या उपचाराला पैसा उपलब्ध होणार होता. जुळ्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. खर्चाची धास्ती दूर झाली, की जोडपे धीर धरण्यास तयार होते, हा यातील बोध आहे. गोव्यात बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ साली हा उपचार विनामूल्य देण्यास प्रारंभ झाला, त्या पावलाचे महत्त्व या दृष्टीनेही जाणवते. ज्याला पुन्हा यावयास पैसे लागत नाहीत, त्याला एकाच डावात सर्वस्व पणाला लावण्याचा मोह होत नाही.

आपला कायदा काय सांगतो?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००५ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत सामान्यतः तीनहून अधिक भ्रूण सोडू नयेत असे सांगितले होते. पुढे संसदेने २०२१ साली साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा संमत केला आणि तो २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. या कायद्याने प्रत्येक केंद्राची नोंदणी सक्तीची केली, स्त्रीसाठी २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५ अशी वयोमर्यादा घातली आणि लेखी संमती आवश्यक केली. त्यातील एक तरतूद आजच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. उपचाराचे फायदे-तोटे, खर्च, यशाची शक्यता आणि दुष्परिणाम यांची माहिती जोडप्याला देणे हे केंद्राचे कर्तव्य ठरविताना कायद्याने एकाहून अधिक गर्भ राहण्याच्या धोक्याचा नावाने उल्लेख केला आहे. म्हणजे ही माहिती मागणे हे आर्जव नव्हे, तो हक्क आहे.

सरोगसीच्या बाबतीत तर २०२२ सालचे नियम स्पष्टच आहेत. दुसऱ्याचे मूल पोटात वाढविणाऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात एका खेपेस एकच भ्रूण सोडावा आणि केवळ विशेष परिस्थितीत तीनपर्यंत सोडता येतील, असे त्यांत म्हटले आहे. जी दक्षता दुसऱ्यासाठी गर्भ वाहणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत आवश्यक मानली गेली, तीच स्वतःच्या मुलासाठी झटणाऱ्या मातेच्या बाबतीत शिथिल का असावी, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. भ्रूणाची लिंगनिवड हा आपल्या देशात गुन्हा आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. गर्भलिंगतपासणीवर कायद्याने पहिला आघात १९८८ साली महाराष्ट्रानेच केला. दोन भ्रूणांतून ‘एक मुलगा, एक मुलगी’ मिळवून देण्याचे आमिष कोणी दाखवीत असेल, तर त्यापासून दूर राहणे हेच श्रेयस्कर.

सर्वांना एकच माप नाही

एका भ्रूणाचा आग्रह म्हणजे आंधळा हट्ट नव्हे. स्त्रीचे वय वाढते तसतशी तिची बीजे संख्येने घटतात आणि त्यांतील गुणसूत्रांचे दोष वाढतात. कारण पुरुषबीजे नित्य नवी तयार होत असतात, तर स्त्रीची बीजे तिच्या जन्माबरोबरच आलेली असतात. म्हणून वय चाळिशीकडे झुकलेले असता, पूर्वीचे प्रयत्न वारंवार फसले असता किंवा भ्रूण फारसे जोमदार नसता डॉक्टर विचारपूर्वक दोन भ्रूणांचा सल्ला देऊ शकतात. मात्र येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात ठेवावी. पंचेचाळीस वर्षांच्या स्त्रीने पंचविशीतील दात्या स्त्रीचे बीज स्वीकारले असेल, तर भ्रूणाची शक्ती पंचविशीची असते आणि गरोदरपणाचा भार मात्र पंचेचाळिशीच्या शरीरावर पडतो. तेव्हा तेथे दोन भ्रूणांचे कारण उरत नाही. उलट एकाच भ्रूणाचे कारण दुप्पट होते. ज्या स्त्रीला हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह आहे, जिच्या गर्भाशयावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे, तिच्या बाबतीतही जुळ्यांचा धोका शक्यतो टाळावयास हवा.

जोडप्याने काय विचारावे?

गावातील जोडपे उपचारासाठी निघाले असता त्यांच्या हाती पुढील प्रश्न लिहून द्यावेत. हे केंद्र नोंदणीकृत आहे काय? आमचे किती भ्रूण तयार झाले आणि ते कोणत्या दिवसाचे आहेत? एकच भ्रूण सोडला तर आमच्या वयात आशा किती, आणि दोन सोडले तर जुळ्यांचा संभव किती? उरलेले भ्रूण गोठविण्याची सोय येथे आहे काय, त्यास किती खर्च येईल आणि पुढच्या खेपेचा खर्च वेगळा किती? केंद्र सांगते ती यशाची टक्केवारी केवळ दिवस राहिल्याची आहे, की सुखरूप घरी गेलेल्या बालकांची? अखेरचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे; कारण तपासणीत दिवस राहिल्याचे कळणे आणि दिवस पुरे भरलेले बालक मांडीवर घेणे यांत नऊ महिन्यांचे अंतर असते.

हे प्रश्न बीजे काढण्याच्या दिवशी नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी विचारावयाचे आहेत. भ्रूण सोडण्याच्या टेबलावर कोणालाही शांतपणे निर्णय घेता येत नाही. दुसऱ्या खेपेच्या खर्चाची तरतूद आरंभीच करून ठेवावी. म्हणजे पहिल्या खेपेस घाई करण्याची पाळी येणार नाही. घरातील वडीलधाऱ्यांनाही या बोलण्यात सामील करून घ्यावे. सुनेला ‘एकदाच जा आणि काम उरकून ये’ असे सांगणाऱ्या सासूबाईच, जुळ्यांचे धोके नीट उमगल्यावर, ‘सावकाश जा, पण सुखरूप ये’ असे म्हणू लागतात.

श्रोतेहो, या उपचाराचे यश किती स्त्रियांना दिवस राहिले यावर मोजावयाचे नाही. दिवस पुरे भरलेले एक निरोगी बालक आणि त्याला स्वतःच्या पायांनी घरी घेऊन जाणारी निरोगी माता, हे त्याचे खरे माप. ज्यांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्यांना आणखी एका पाळीची वाट पाहावयास सांगणे कठीण आहे, यात शंका नाही. तरीही ते सांगावयास हवे. कारण राखलेला भ्रूण पुन्हा सोडता येतो. गमावलेली माता आणि गमावलेले बालक परत आणता येत नाही.